अंगाला झेपेल ती मजुरी

सक्तमजुरीची शिक्षा न्यायाधीश देत असे. मजुरी कोणती, हे मात्र तुरुंगात ठरत असे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कैदेचे दोन प्रकार केले, साधी आणि कठोर, आणि कठोर म्हणजे मजुरीसह एवढे सांगून ती थांबली. जाते ओढायचे, खडी फोडायची, काथ्या कुटायचा की छापखान्यात खिळे जुळवायचे, याबद्दल निकालपत्रात अवाक्षर नसे. दोन वर्षांची सक्तमजुरी झालेल्या दोघांपैकी एक जण ती वर्षे सावलीत सतरंज्या विणण्यात काढी आणि दुसरा जात्यापाशी; कागदावर दोघांची शिक्षा एकच. ही निवड कोण करीत होते, आजारी आणि अशक्त कैद्यांच्या बाबतीत ती कशी होत होती आणि हलके काम मिळालेला माणूस पुन्हा कष्टाच्या कामावर कसा धाडला जाई, हे पाहिले तर इंग्रजी अमलातील तुरुंगाचा खरा कारभार दिसतो.

मजुरीची वर्गवारी इंग्लंडहून आली. १७७९ च्या पेनिटेन्शरी ॲक्टने कैद्यांना अत्यंत कष्टाचे आणि हलक्या दर्जाचे काम द्यावे असे म्हटले, पण त्याच कायद्याने वय, प्रकृती आणि स्त्री-पुरुष भेद पाहून कमी ताकदीच्यांना जुने दोरखंड पिंजणे, गोणपाट विणणे, सूत काढणे अशी कामे द्यायची सोय ठेवली. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या अभियंत्याने पायचक्कीची रचना केली. मोठ्या आडव्या पिंपासारखे चाक, त्यावर पायऱ्या, आणि ओळीने उभे राहून न थांबता त्या पायऱ्या चढत राहणारे कैदी. काही ठिकाणी या चाकाने पाणी उपसले जाई किंवा धान्य दळले जाई. काही ठिकाणी ते नुसतेच फिरे. १८६५ च्या तुरुंग कायद्याने मजुरीचे दोन वर्ग पक्के केले. पहिल्या वर्गात पायचक्की, दांडा फिरवणे, तोफगोळे उचलून इकडून तिकडे ठेवणे, दगड फोडणे. दुसऱ्या वर्गात बाकीचे सगळे. पहिल्या वर्गातून सुटायचे तर तुरुंगाच्या डॉक्टरचा शेरा लागे. १८९५ मध्ये दोन वर्षांची सक्तमजुरी झालेला ऑस्कर वाइल्ड पेंटनव्हिलच्या तुरुंगात पायचक्कीवर चढला आणि पुढे दोरखंड पिंजायला बसला. त्याची प्रकृती खालावली तेव्हा हा सारा प्रकार इंग्लंडमध्ये चर्चेत आला. १८९८ च्या कायद्याने तिथे पायचक्की मोडीत निघाली. तोवर तिच्यामागचा विचार हिंदुस्थानात रुजून बसला होता.

इथला आरंभ वेगळा होता. कंपनी सरकारला कैदी म्हणजे रस्ते बांधायला मिळालेले फुकट हात वाटत. पायांत बेड्या घातलेल्या टोळ्या गावाबाहेर रस्त्यांवर राबत आणि उन्हापावसात, पटकीच्या साथींत मोठ्या संख्येने मरत. १८३०च्या दशकात महाबळेश्वरला मलायाकडच्या वसाहतींमधून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तिथल्या कैद्यांनी रस्ते केले, भाजीपाल्याचे मळे पिकवले. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरच्या थंड हवेत त्यांचे बरे चालले असावे. मैदानी मुलखात रस्त्यावरच्या टोळ्यांची स्थिती तशी नव्हती.

१८३८ मध्ये तुरुंग-शिस्त समितीचा अहवाल आला. मेकॉले तिचा एक सदस्य होता. रस्त्यावरची मजुरी बंद करावी आणि कैद्यांना भिंतींच्या आत आणावे, असे समितीने सुचवले. यामागे दयेपेक्षा वेगळा हिशेब होता. रस्त्यावर कैदी बाजारात मिसळतो, नातेवाइकांना भेटतो, तंबाखू मिळवतो. आत त्याला पायचक्कीसारखे कंटाळवाणे, निष्फळ काम दिले तर तुरुंगाची खरी जरब बसेल, असे समितीचे मत होते. पायचक्क्या इथे फारशा आल्या नाहीत. त्यांची जागा जात्याने घेतली. दळण हे घराघरांत बायकांचे काम. ते पुरुष कैद्याला देण्यात कष्टाबरोबर अपमानही साधत असे, आणि तुरुंगाला पीठ मिळे ते निराळेच.

पुढच्या अर्धशतकात मध्यवर्ती तुरुंग उभे राहिले. पुण्याजवळचा येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. या तुरुंगांत हळूहळू कारखाने आले: गालिचे, सतरंज्या, तंबूचे कापड, काथ्याच्या चटया, छपाई. मजुरीचे तीन वर्ग सर्वत्र रूढ झाले, कठीण, मध्यम आणि हलकी. दळण, तेलाचा घाणा, खडी फोडणे, पाणी उपसणे ही कठीण. विणकाम, सुतारकाम मध्यम. झाडलोट, भाजी निवडणे, सूत उलगडणे हलकी. कैदी आत आला की त्याला यांपैकी एका वर्गात बसवले जाई. त्याचे नाव, गुन्हा आणि मुदत यांच्यासोबत तो वर्गही कागदावर चढे आणि पुढचे त्याचे दिवस त्या एका नोंदीवर ठरत.

हा कागद म्हणजे हिस्ट्री तिकीट. कैद्याच्या नावाचा हा पत्रकवजा पुठ्ठा त्याच्या बदलीबरोबर एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात जाई. येताना वजन किती, अंगावर खुणा कोणत्या, काम कोणते दिले, ते कोणत्या तारखेला बदलले, गुन्हा काय केला, शिक्षा काय झाली, रुग्णालयात कधी गेला, कधी परतला. एका ओळीत एक तारीख आणि पुढे चार-सहा शब्द. कैद्याने स्वतः त्यात खाडाखोड केली तर तोही तुरुंगातला गुन्हा धरला जाई. अंदमानात गेलेल्या राजबंद्यांची अशी तिकिटे पुढे अभ्यासकांच्या हाती आली. त्यांत भावनेचा लवलेश नाही आणि म्हणूनच ती फार काही सांगून जातात: काम नाकारले, सात दिवस हातकडी, काम नाकारले, आडवी बेडी, पुन्हा तेच.

१८९४ चा तुरुंग कायदा हा या व्यवस्थेचा कणा. आजारी कैद्याच्या दृष्टीने वाचला तर तो आश्चर्य वाटावे इतका काळजीपूर्वक लिहिलेला आहे. तुरुंगात येताच कैद्याची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि तो कोणत्या वर्गाच्या मजुरीला लायक आहे याची नोंद करावी. एरवी कोणालाही दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये. वैद्यकीय अधिकाऱ्याने काम चालू असताना कैद्यांची पाहणी करावी आणि निदान पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाचे वजन तिकिटावर उतरवावे. एखाद्या कामाने कैद्याची प्रकृती बिघडते आहे असे वैद्यकीय अधिकाऱ्याला वाटले, तर त्या कामावर त्याला ठेवता येणार नाही; त्याला मानवेल असे दुसरे काम द्यावे. ही तरतूद ‘द्यावे’ अशी आहे, ‘देता येईल’ अशी नाही. तुरुंगाच्या अधीक्षकाला तिथे वाव ठेवलेला नव्हता.

वजन हे या कायद्याचे मुख्य मोजमाप होते. आकडा दाखवता येतो आणि त्यावर वाद कमी होतो. पण पंधरा दिवसांनी होणाऱ्या तोलाला सारेच दिसत नसे. ज्याचे वजन घटते तो आजारी. ज्याचे डोके फुटेस्तोवर दुखते, ज्याच्या छातीत कळा येतात, ज्याला रात्रभर झोप नाही, त्याच्याजवळ दाखवायला काही नाही. ताप असेल तर पारा चढतो, जुलाब असतील तर मैला दिसतो. बाकी दुखण्यांसाठी कैद्याच्या तोंडचा शब्दच काय तो पुरावा, आणि कैद्याच्या शब्दाला किंमत नव्हती. याच कायद्याने आजाराचे सोंग करणे आणि स्वतःला कामासाठी निकामी करून घेणे हे तुरुंगातील गुन्हे ठरवले होते. डॉक्टरपुढे दुखणे सांगणारा माणूस एकाच वेळी रुग्णही होता आणि संशयितही.

संशयाला आधार नव्हता असेही नाही. घाण्यापासून सुटण्यासाठी जखमा चिघळत ठेवणारे, पोट बिघडवून घेणारे कैदी प्रत्येक तुरुंगात होते, आणि जुन्या कैद्यांना त्यातल्या खुब्या पाठ असत. पण सोंगे करणाऱ्यांमुळे खऱ्या रोग्याला फटका बसतो, हे तुरुंगात जितक्या उघडपणे दिसे तितके क्वचितच कुठे दिसले असेल.

कायद्यातली खरी मेख दुसरीकडे होती. प्रत्येक तुरुंगाला एक अधीक्षक, एक वैद्यकीय अधिकारी, एक दुय्यम वैद्य आणि एक जेलर असावा असे कलम सांगते, आणि तिथेच कंसात जोडते की वैद्यकीय अधिकारी हाच अधीक्षकही असू शकेल. ही नुसती शक्यता राहिली नाही. मध्यवर्ती तुरुंगांचे अधीक्षक बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले गोरे डॉक्टर असत आणि जिल्ह्याच्या तुरुंगाची जबाबदारी सिव्हिल सर्जनकडे असे. डॉक्टर तुरुंगाचा प्रमुख असणे कैद्याच्या हिताचे, असे वरवर वाटते. मृत्यूचे प्रमाण, पाणी, शौचकूप, साथी यांबाबत ते खरेही ठरले. मजुरीबाबत मात्र त्यामुळे एक अडचण उभी राहिली. घाण्यावर पाठवण्याची सही करणारा आणि घाणा याला झेपणार नाही असे म्हणण्याचा अधिकार असणारा माणूस एकच झाला. अधीक्षक म्हणून त्याला तुरुंगाचे उत्पन्न आणि शिस्त दाखवायची होती, डॉक्टर म्हणून त्याच उत्पन्नाच्या आड यायचे होते.

शिक्षांच्या कलमांत हे अधिक स्पष्ट होते. तुरुंगातील गुन्ह्याबद्दल देता येणाऱ्या शिक्षांच्या यादीत एक शिक्षा होती मजुरी बदलून अधिक कष्टाची किंवा अधिक जाचक करणे. काम बदलणे हा डॉक्टरच्या हातात उपचार होता, अधीक्षकाच्या हातात दंड. फटके, शिक्षेचा आहार आणि कष्टाचे काम या तीन शिक्षांपूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्याने कैद्याला तपासून तो शिक्षेला लायक असल्याचा दाखला द्यावा, असेही कायदा सांगे. हेतू रक्षणाचा होता. प्रत्यक्षात तो दाखला शिक्षेच्या कागदपत्रांतला एक रकाना झाला. आणि शरीर घाण्याला लायक आहे अशी सही एकदा झाली की नंतर कोसळलेला माणूस तक्रार घेऊन कुठे जाणार?

तरीही बरेचसे निर्णय गोऱ्या अधीक्षकापर्यंत पोहोचतच नसत. सकाळी रोग्यांची रांग पाही तो दुय्यम वैद्य, हिंदी माणूस, तुटपुंज्या पगाराचा. त्याच्यावर जेलरची नजर. दिवसाचे ठरीव काम, त्याला तुरुंगात ‘टास्क’ म्हणत, पुरे झाले नाही तर जाब जेलरला द्यावा लागे, आणि जेलर तो मुकादमाकडून वसूल करी. मुकादम, वॉर्डर हे बहुतेक जुने कैदीच, बढती मिळालेले. एखाद्याला हलके काम दिले की त्याचा वाटा दुसऱ्याच्या माथी जाई. त्यामुळे आजाऱ्यावर सर्वांत आधी डोळे वटारीत ते त्याचेच सोबती. हातावर काही टिकवून हलके काम मिळवणारे धडधाकट कैदी आणि जात्याला जुंपलेले हडकुळे कैदी शेजारीशेजारी दिसत, ते याच साखळीमुळे.

१८९७ च्या सप्टेंबरमध्ये राजद्रोहाच्या खटल्यात बाळ गंगाधर टिळकांना न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. डोंगरी, भायखळा आणि मग येरवडा असा त्यांचा प्रवास झाला. काथ्या सोलण्यासारखे काम आणि तुरुंगाची भाकरी यांनी त्यांचे वजन काही आठवड्यांतच झपाट्याने उतरले. त्यांच्या प्रकृतीची बातमी बाहेर फुटली, वर्तमानपत्रांत आली आणि विलायतेपर्यंत गेली. मॅक्सम्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नवरोजी यांच्यासारख्यांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पोहोचला, आणि सहा महिने आधी, १८९८ च्या सप्टेंबरमध्ये टिळक सुटले. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हा टिळक पन्नाशी ओलांडलेले आणि मधुमेहाचे रोगी होते. सरकारने ती साध्या कैदेत बदलून त्यांना मंडालेला ठेवले. वजनाचा काटा टिळकांच्या बाबतीत बोलला, कारण तो वाचणारे बाहेर होते. त्याच येरवड्यात त्याच काळात जे नावनिशाणी नसलेले दरोडेखोर, शेतकरी, भिल्ल सुकत गेले त्यांच्या तिकिटांवरही आकडे उतरतच होते.

अंदमानात हे सारे पराकोटीला गेले. १८५७ च्या बंडानंतर, १८५८ च्या मार्चमध्ये, पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू झाली. जंगल तोडणे, दलदल बुजवणे हे पहिले काम, आणि हिवतापाने व जखमा सडून पहिल्या वर्षांत माणसे ढिगाने मेली. पुढे वसाहत स्थिरावली. शिक्षा भोगून झालेले कैदी शेती, दुकाने, संसार करू लागले. काळ्या पाण्याची भीती ओसरली अशी तक्रार होऊ लागली, तेव्हा १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी केली. लेथब्रिज हा पेशाने शल्यचिकित्सक. दोघांनी सुचवले की येणाऱ्या प्रत्येक कैद्याने आधी सहा महिने एकांतात कडक शिस्तीत काढावेत. त्यासाठी १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल बांधला गेला. मध्यभागी बुरूज, त्याला चक्राच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती आणि सुमारे सातशे एकलकोठड्या. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीला, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहराही दिसू नये.

अंदमानात पाठवायच्या कैद्याची मायदेशी तपासणी होई. म्हातारे, रोगी, अपंग मागे ठेवले जात. कष्टाला लायक ठरलेलेच बोटीवर चढत. हा नियम सयुक्तिक होता, पण त्याचा परिणाम उलटा झाला. इथे आलेला प्रत्येक जण लायक असल्याचा शिक्का घेऊनच उतरे. पुढे दुखणे उद्भवले तर ते हवेने, आहाराने किंवा कामाने आले असे मानण्याआधी ते खरे आहे का, हा प्रश्न येई.

१९०९ च्या अखेरीस अलीपूर बॉम्ब खटल्यातले बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त, उपेंद्रनाथ बॅनर्जी, हेमचंद्र दास यांची तुकडी आली. १९१० मध्ये नाशिकचे गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर आले, आणि १९११ च्या ४ जुलैला ‘महाराजा’ बोटीने त्यांचे धाकटे बंधू विनायक. या राजबंद्यांपैकी बरेच जण सुशिक्षित, शरीरकष्टाची सवय नसलेले. आधी त्यांना छिलका मिळे. नारळाची वाळकी सालपटे लाकडावर ठेवून मोगरीने कुटायची, कुटून कुटून तंतू मोकळे करायचे, पाण्यात भिजवून पुन्हा कुटायचे; दिवसाला वीस नारळांची साले संपवायची. तळहाताचे कातडे जाई, पण हे मध्यम काम समजत. कठीण काम म्हणजे कोलू.

कोलू हा बैलाचा घाणा. इथे त्याला माणूस जुंपत. उखळात सुके खोबरे, त्यात उभी लाट, लाटेला आडवा दांडा. दांड्याला छाती किंवा पोट लावून ढकलत घाण्याभोवती फिरायचे. खोबरे ओलसर असेल तर लाट रुतते आणि दांडा जागचा हलत नाही; तेव्हा दोघांनी तिघांनी मिळून जोर लावायचा. भोवळ येते, पोटात ढवळते, तरी फेरा थांबवायचा नाही, कारण तेलाची धार थांबते. संध्याकाळी बादली काट्यावर चढे. खोबऱ्याचे तेल तीस पौंड किंवा मोहरीचे दहा पौंड भरले पाहिजे. कमी भरले तर शिव्या, मार, आणि दुसऱ्या दिवशी जेलरपुढे उभे राहणे. जेवणाची सुट्टी नियमात होती. टास्क पुरा करायचा म्हणून घास तोंडात घेऊन दांडा ढकलणारे कैदी राजबंद्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. बारींद्रकुमार आणि उपेंद्रनाथ यांच्या बंगाली आठवणी आणि सावरकरांचे १९२७ मधले ‘माझी जन्मठेप’ यांत हे वर्णन थोड्याफार फरकाने एकच आहे. परस्परांचे मत न पटणाऱ्या माणसांची साक्ष जुळते, तेव्हा तिला वजन येते.

जेलर होता डेव्हिड बॅरी. कोणाला छिलका आणि कोणाला कोलू, हे कागदावर अधीक्षक ठरवी. प्रत्यक्षात बॅरीचा कल चाले. बाबाराव सावरकरांना अर्धशिशीचा जुना विकार. वेदना उठली की डोळे उघडवत नसत, उलट्या होत. अर्धशिशीला ताप नाही, त्यामुळे पारा साक्ष देईना, आणि बाबाराव कोलूला जुंपले जात राहिले. दुखणे खरे असल्याचे डॉक्टरला कळत होते की नाही, हा मुद्दाच नव्हता. हिंदी डॉक्टर राजबंद्याला सवलत देतो असा बोभाटा झाला तर त्याची नोकरी धोक्यात येई, आणि राजबंद्यांना रुग्णालयात एकत्र येऊ देणे जेलरला नको होते. कामाचा वर्ग ठरवताना प्रकृतीबरोबर, किंबहुना प्रकृतीआधी, गुन्ह्याचा प्रकार पाहिला जात होता, हे यातून दिसते.

१९१२ मध्ये काही राजबंद्यांना तुरुंगाबाहेर वसाहतीच्या कामांवर धाडले. कोठडीतून मोकळ्या हवेत, म्हणून ही बढती मानली जात होती. प्रत्यक्षात रस्ते, जंगलतोड, विटांच्या भट्ट्या ही कामे आतल्यापेक्षा जड निघाली आणि अनेकांनी परत आत पाठवा असे म्हटले. परत येणे म्हणजे काम नाकारणे, आणि काम नाकारणे म्हणजे शिक्षा. इंदुभूषण रॉय हा तरुण असाच परतला. त्याला आतही कष्टाच्याच कामावर लावले. हातांना जखमा असताना त्याने काम बदलून मागितले आणि ते मिळाले नाही, असे त्याच्या सोबत्यांनी नोंदवले आहे. १९१२ च्या एप्रिलअखेर त्याने कोठडीत गळफास घेतला.

दीडेक महिन्यात उल्लासकर दत्तची पाळी आली. तो विटांच्या भट्टीवर होता, उघड्या उन्हात. काही महिने त्याने ते काम केले आणि मग यापुढे करणार नाही असे सांगितले. त्याला सेल्युलर जेलमध्ये आणून खड्या हातकडीची शिक्षा दिली: भिंतीत डोक्याच्या उंचीवर कडी, तिच्यात दोन्ही मनगटे, दिवसभर उभे. जूनच्या १० तारखेच्या सुमारास तो जबर तापाने फणफणलेल्या स्थितीत हातकडीला लोंबकळताना आढळला. ताप उतरला, पण बुद्धी ठिकाणावर राहिली नाही. त्याला वेड्यांच्या रुग्णालयात हलवले, पुढे मद्रासला पाठवले. शिक्षेपूर्वी डॉक्टरने तपासून लायक ठरवावे, ही कायद्यातली अट अशा प्रकरणांत नेमकी कुठे अडखळली, याचा शोध सरकारी चौकशीने घेतला नाही. तिने दोष कैद्याच्या स्वभावाकडे वळवला.

या दोन घटनांच्या बातम्या मुख्य भूमीवरच्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. राजबंद्यांनी संप केले, उपोषणे केली. १९१३ च्या अखेरीस गृहखात्याचे सदस्य रेजिनल्ड क्रॅडॉक स्वतः पोर्ट ब्लेअरला गेले. त्यानंतर मुदतीची शिक्षा असलेल्या राजबंद्यांना हिंदुस्थानातील तुरुंगांत परत आणण्यात आले. जन्मठेपवाले तिथेच राहिले. विनायक सावरकरांच्या तिकिटावर १९१४ च्या जूनमध्ये काम नाकारल्याबद्दल सात दिवस खडी हातकडी आणि मग आडवी बेडी अशा नोंदी आहेत. पुढे दोघा भावांच्या प्रकृती खालावल्या. विनायकराव आमांशाने आणि तापाने खंगले, बाबारावांना क्षयाने धरले. हलके काम मिळाले ते तेव्हा. जवळपास दहा वर्षांनी.

१९१९-२० मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तुरुंग समितीने अंदमानला भेट दिली. शिक्षेइतकीच सुधारणा हेही तुरुंगाचे काम आहे, हे सरकारी अहवालात ठासून मांडले गेले ते या समितीच्या अहवालात, आणि कैद्यांना अंदमानात पाठवणे बंद करावे असे तिने सुचवले. १९२१ च्या मे महिन्यात सावरकर बंधू परत आले. बाबारावांना १९२२ मध्ये साबरमतीच्या तुरुंगातून सोडले ते ते जगणार नाहीत असे वाटल्यामुळे. ते आणखी बावीस-तेवीस वर्षे जगले. १९३२ पासून क्रांतिकारक पुन्हा अंदमानात धाडले गेले; १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नामदास हे तिघे दगावले, पण त्या वेळचा झगडा मुख्यतः अन्न, प्रकाश आणि वाचन यांसाठी होता. १९३८ च्या आरंभी शेवटचे राजबंदी परतले.

मुख्य भूमीवर १९३०च्या दशकात कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग आले. लाहोरच्या तुरुंगात १९२९ मध्ये ६३ दिवसांच्या उपोषणाने जतींद्रनाथ दास गेल्यावर सरकारला हे करावे लागले. यातून शिकलेल्या, बऱ्या स्थितीतल्या राजबंद्यांची कष्टाची मजुरी सुटली. सत्याग्रहात पकडलेला शेतकरी किंवा गिरणी कामगार क वर्गात जाई आणि जात्यावर बसे. मजुरी ठरवण्याच्या कसोट्यांत प्रकृती आणि गुन्हा होतेच. त्यांत आता ऐपतही आली. जात तर आधीपासून होती. स्वयंपाक कोणी करायचा आणि मैला कोणी उचलायचा हे तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जातीवरून ठरवलेले होते, आणि आजारी भंगी कैद्याला हलके काम द्यायचे तरी ते दुसऱ्या कोणाला शिवू न देणारे असे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटना बदलली. १८९४ चा तुरुंग कायदा राहिला. पंधरवड्याचे वजन, नऊ तासांची मर्यादा, मजुरी कष्टाची करण्याची शिक्षा, सोंगाचा गुन्हा, अधीक्षक हाच वैद्यकीय अधिकारी असण्याची मुभा, सारे कायम राहिले. बदल आला तो न्यायालयांतून. तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याच्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात १९७९ च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सक्तमजुरीचा अर्थ माणुसकीने लावला पाहिजे असे म्हटले. शाळा-कॉलेजात शिकणारी मुलगी किंवा अशक्त पुरुष यांना नऊ तास दगड फोडायला लावता येणार नाही. कैद्याला मऊ काम मागण्याचा हक्क नाही, पण त्याला जमेल असे काम मिळण्याची अपेक्षा रास्त आहे, असा त्या निकालाचा आशय. १७७९ च्या इंग्रजी कायद्यात जवळपास हेच होते, हे लक्षात घेतले म्हणजे मधली दोनशे वर्षे कशी गेली हे कळते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तमजुरीच्या कैद्यालाही रास्त वेतन द्यावे असा निर्णय दिला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने १८९४ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आदर्श तुरुंग कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने नियमपुस्तकांतली जातीवर आधारलेली कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या चौथ्या कलमातही कैद दोन प्रकारची आहे, साधी आणि कठोर, आणि कठोर म्हणजे सक्तमजुरीसह.